तीसेक डॉलरांतलं हॅलोवीन

न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्या ऑक्टोबरात दारापुढच्या सजावटीवर ८७ डॉलर गेले. त्यातले साठ तरी ‘घरीच करू, स्वस्त पडेल’ या समजुतीपायी गेले. ग्लू गन, तिच्या कांड्या, कापडाची खोटी पानं, वेलींचं कडं, चमकीचा रंग. क्राफ्टच्या दुकानातून ‘घरगुती’ सजावटीचं सामान आणलं, तर ती तयार सजावटीपेक्षा महाग पडते, हे बिल हातात आल्यावर कळलं. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. घरात नि अंगणात पडून असेल त्याचंच करायचं आणि पैसे मोजायचे ते मुख्यतः भोपळा, दिवे आणि काळ्या कागदासाठी.

पुढचे भाव आमच्या भागातले, विक्रीकर सोडून. तुमच्याकडे थोडा फरक पडेल.

सुरुवात दुधाच्या कॅनपासून करा. घरी दही लावणाऱ्या मराठी कुटुंबात गॅलनचे रिकामे कॅन काही कमी नसतात. पांढरट, अर्धपारदर्शक तेवढे निवडा, धुऊन उन्हात वाळवा. काळ्या मार्करने दोन मोठे डोळे आणि वासलेलं तोंड काढा. मागच्या बाजूला मुठीएवढं भोक पाडा, तळाशी ओंजळभर खडे टाका (नाहीतर वाऱ्याने भुतं शेजाऱ्यांकडे जातात) आणि एकच माळ एकातून दुसऱ्यात अशी चार-पाच कॅनांत फिरवा. दिवाळीची पांढरी एलईडी माळ घरात असेल तर खर्च फक्त मार्करचा, सव्वा डॉलर. नवी घ्यायची तर साधारण ५ डॉलर. खोक्यावर ती घराबाहेर वापरायची आहे असं लिहिलंय का, ते मात्र पाहून घ्या. संध्याकाळी जिन्यावर ही ओळ पेटली की तयार फुगवलेल्या बाहुल्या तिच्यापुढे फिक्या वाटतात, निदान मला तरी.

वटवाघळं त्याहून सोपी. जाड काळा कागद मधोमध दुमडायचा, अर्धं वटवाघूळ काढून कापायचं, पंख किंचित वर उचलायचे. पाच कागदांत लहानमोठी वीसेक होतात. दाराच्या एका कोपऱ्यातून उडत निघाल्यासारखी लावा, सारख्या अंतरावर नकोत. कागद सव्वा, चिकटपट्टी सव्वा. भाड्याच्या घरात असाल तर रंगारी वापरतात ती निळी पट्टीच आणा. साध्या पट्टीबरोबर भिंतीचा रंग निघाला तर डिपॉझिटमधून जो कापला जातो, तो सव्वा डॉलर नसतो. या सव्वा-सव्वाच्या वस्तू जिथे मिळतात, त्याचं ‘डॉलरचं दुकान’ हे नावही आता जुनं झालं. डॉलर ट्रीने २०२१च्या अखेरीस एक डॉलरचा सरसकट भाव सव्वावर नेला, आणि आता तिथे त्याहून महाग मालही असतो. टोपलीत टाकण्याआधी किंमत वाचा.

कापडाचं भूत करायला पुस्तकं चीजक्लॉथ आणि फवाऱ्याचा स्टार्च आणायला सांगतात. दोन्ही मिळून आठ-नऊ डॉलर. एका वर्षी सासूबाई इथे होत्या. माझी यादी वाचून त्या म्हणाल्या, “अगं, साबुदाण्याची खळ काय वाईट आहे?” दोन चमचे साबुदाणा दीड कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा. जुनी पांढरी मलमलची ओढणी फाडून त्यात बुडवायची, पिळायची. बाटलीच्या तोंडावर फुगा बसवून त्यावरून ती सोडायची. दिवसभराने कापड कडक झालं की फुगा फोडायचा, बाटली काढून घ्यायची. भूत आपल्या पायावर उभं राहतं. खर्च जवळपास शून्य, पण ते घरातच ठेवा. आमचं पडवीत टांगलं होतं; एका पावसात त्याचं पोतेरं झालं.

पानांसाठी एक छदामही मोजू नका. मेपलची लाल-पिवळी पानं ओली, ताजी पडलेली वेचा आणि दोन दिवस जाड पुस्तकात दाबा. मग मेणकागदाच्या दोन थरांत ठेवून, वर जुनं सुती कापड घालून कोरडी इस्त्री फिरवा. कापड विसरलात तर मेण इस्त्रीला लागतं आणि पुढचा शर्ट वाया जातो. मेणकागदाचं भेंडोळं अडीच डॉलरला. ग्लिसरीनमध्ये पानं मुरवण्याची पद्धतही आहे (एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी). पानं लवचीक राहतात, पण रंग काळवंडतो आणि बाटलीचे पैसे वेगळे. मला पटली नाही.

आता भोपळा. इथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. शेतावर जाऊन वजनावर घेतला तर मजा येते, पण मोठ्या भोपळ्याचे सहज बारा-पंधरा डॉलर होतात. वाणसामानाच्या दुकानात तेवढाच सहाला मिळतो. देठ हिरवा, घट्ट हवा आणि बुडाशी अंगठा दाबला तर मऊ लागता कामा नये. देठाला धरून उचलू नका, तो तुटतो. दोन घ्या: एक कोरायला, एक रंगवायला.

कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत मान टाकतो, गरम हवेत त्याच्याही आधी. म्हणून २९ तारखेच्या आत सुरी लावू नका. आम्ही एकदा १५ तारखेलाच कोरला. खारींनी त्याचे ओठ एका रात्रीत खाल्ले. झाकण तिरकं कापा, म्हणजे ते आत पडत नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा चार डॉलरच्या संचातली बारीक करवत बरी, निसटली तरी जखम लहान होते. (विळीवर प्रयत्न करणारे एक काका मला माहीत आहेत. टाके पडले.) बिया फेकू नका, धुऊन, वाळवून, तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये भाजा. गर मात्र पाणचट आणि तंतुमय असतो. घारग्यांसाठी लहान, गोडसर ‘पाय पम्पकिन’ वेगळा आणा. बाहेर ठेवलेला कोरीव भोपळा कढईत कधीच जाऊ देऊ नका.

रंगवलेला, न कापलेला भोपळा नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगपर्यंत टिकतो, म्हणजे सहा डॉलर दोन सणांना पुरतात. तो मोरपंखी रंगवलात तर त्याला अर्थही आहे. अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या फेअर या संस्थेने २०१४ पासून ही खूण देशभर नेली: या घरी खाऊऐवजी खेळणी, स्टिकरही मिळतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल वर्गात असेल, तर त्याची आई ते दार लक्षात ठेवते. पांढरा आणि मोरपंखी रंग मिळून अडीच डॉलर.

भोपळ्यात खरी मेणबत्ती नको. मुलांचे झगे आणि सजावटीला लावलेली वाळलेली मक्याची ताटं झटकन पेट घेतात. बॅटरीचे छोटे दिवे सव्वा डॉलरला मिळतात.

बेरीज करू. माळ ५, मार्कर, कागद, चिकटपट्टी आणि बॅटरीचे दिवे मिळून ५, मेणकागद अडीच, रंग अडीच, भोपळे १२, करवत ४. एकूण ३१. माळ घरात असेल तर २६. होम डेपोने २०२० साली आणलेला बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला होता, आणि वर्षाचे अकरा महिने तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न फुकट मिळत होता.

या हॅलोवीनला माळेवाचून भागत असेल, तर नवी माळ ऑक्टोबरात घेऊ नका. १ नोव्हेंबरला सकाळी बहुतेक दुकानांत हॅलोवीनचा माल निम्म्या भावात निघतो, आणि २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे.