आय. एन. एस. मुंबई : एका विनाशिकेची कामगिरी

डॉकयार्ड रोड स्थानकावरून ज्या उंच याऱ्या दिसतात, त्या माझगांव गोदीच्या होत. १७७४ सालीं तेथें एक लहानशी सुकी गोदी होती. १९६० सालीं हा कारखाना भारत सरकारच्या ताब्यांत आला. आसपासच्या वस्त्यांतून सकाळीं डबा घेऊन निघालेल्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या या गोदींत राबल्या आहेत. त्यांच्या हातून घडलेल्या, आपल्याच नगरीचें नांव धारण करणाऱ्या एका जहाजाचा वृत्तांत येथें देत आहों.

प्रथम विनाशिका म्हणजे काय तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो नांवाचा पाणतीर सोडणाऱ्या लहान, चपळ बोटींचें मोठ्या युद्धनौकांस भय वाटूं लागलें. त्या बोटींचा विनाश करण्यासाठीं जी वेगवान नौका निघाली, ती विनाशिका. पुढें तिच्यावर तोफांच्या जोडीस क्षेपणास्त्रें आलीं. तोफेचा साधा गोळा एकदां सुटला कीं त्याचा मार्ग आपल्या हातीं राहत नाहीं. क्षेपणास्त्र मात्र आपल्या पोटांतील यंत्रांच्या योगें वाटेंतच दिशा सुधारून लक्ष्य गांठतें.

'दिल्ली', 'म्हैसूर' व 'मुंबई' या तीन भगिनी-नौका माझगांवीं बांधल्या गेल्या. त्यांत 'मुंबई' धाकटी. १९९२ च्या डिसेंबरांत तिच्या बांधणीस आरंभ झाला व २० मार्च १९९५ रोजीं ती पाण्यांत उतरली. परंतु नौदलांत दाखल झाली ती २२ जानेवारी २००१ रोजीं. मधल्या जवळजवळ सहा वर्षांत तारा, नळ, रडार व शस्त्रें बसवून समुद्रावर तिच्या चांचण्या घ्यावयाच्या होत्या. पाण्यावर तरंगणें निराळें आणि कामास सिद्ध होणें निराळें, हें यावरून ध्यानांत येईल. तिची लांबी १६३ मीटर. चार गॅस टर्बाइनांच्या बळावर ती ताशीं तीस सागरी मैलांहून अधिक वेगानें धांवते.

२००६ च्या जुलई महिन्यांत इस्राएल व हिजबुल्ला यांच्यांत युद्ध पेटलें आणि लेबाननमध्यें पोटासाठीं गेलेले हजारों भारतीय तेथें अडकले. त्या वेळीं 'मुंबई' इतर तीन नौकांसह भूमध्य समुद्रांतील भेटी आटोपून स्वदेशीं परत येत होती. आज्ञा होतांच हा काफिला मागें फिरला. 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' व 'शक्ति' या नौकांच्या संगतीनें तिनें बैरूत बंदरांतून माणसें सायप्रस बेटावर नेऊन पोंचविलीं. या चार नौकांनीं मिळून सुमारें २,२८० जणांची सुटका केली. त्यांत श्रीलंका व नेपाळ येथील माणसेंहि होतीं.

नऊ वर्षांनीं, २०१५ च्या एप्रिलमध्यें, येमेनांत तसाच प्रसंग आला. एडन बंदराभोंवतीं लढाई चालू असतां 'मुंबई'नें तेथून ४४१ जणांस उचलून जिबुतीस नेलें. त्यांपैकीं भारतीय होते १७९. बाकीचे सारे परदेशांचे!

येथें कोणी विचारील, माणसें आणावयास क्षेपणास्त्रांनीं सज्ज नौका कशाला? उतारूंची बोट पुरली नसती काय? उत्तर सोपें आहे. जेथें गोळे पडत आहेत तेथें सत्वर पोंचेल आणि प्रसंगीं आपलें व आश्रितांचें रक्षण करूं शकेल अशीच नौका पाठविणें शहाणपणाचें असतें. शस्त्र चालविल्यावांचूनहि तें जवळ असण्याचा उपयोग होतो, तो असा.

पुढें या जहाजाची मोठी दुरुस्ती होऊन त्यावर नवी सामग्री चढली, आणि ८ डिसेंबर २०२३ रोजीं तें विशाखापट्टणम् येथील पूर्व आरमारी विभागांत दाखल झालें. २०२४ च्या ऑगस्टमध्यें त्यानें कोलंबोस पहिली भेट दिली. 'मुंबई' अशा रीतीनें पूर्व किनाऱ्यास गेली, तरी तिचें माहेर माझगांवच.

मित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील, काका वा आजोबा लोखंड जोडण्याचें, तारा ओढण्याचें किंवा यंत्रें सांभाळण्याचें काम करीत असतील. बैरूतच्या धक्क्यावर जी माता मूल कडेवर घेऊन जहाजावर चढली असेल, तिला त्या जहाजाचे सांधे कोणीं जोडले हें ठाऊक नव्हतें. पण ते सांधे पक्के होते. आपलें काम कोणाच्या उपयोगीं पडेल हें ठाऊक नसतांहि तें चोख करावें, हाच या नौकेच्या इतिहासाचा बोध होय.