एफआरपी वाचताना पाया बघा, चढही बघा



हंगाम जवळ आला की पारावर आणि दूध संस्थेच्या कट्ट्यावर एकच प्रश्न असतो, "यंदा एफआरपी किती वाढली?" पेपरात एक आकडा येतो आणि त्यावरच सगळे हिशेब मांडले जातात. पण नुसत्या एका आकड्यानं उसाचा दर कळत नाही. दर ही एक सरळ रेघ आहे. रेघ समजायला दोन गोष्टी लागतात. ती कुठून धरली, म्हणजे पाया. आणि ती किती चढते, म्हणजे चढ.

२०२५-२६ च्या हंगामाचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनास ३,५५० रुपये दर ठरविला. हा झाला पाया. त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनास ३४ रुपये ६० पैसे जादा. हा झाला चढ. समजा, उतारा १२ टक्के आहे. म्हणजे पायाच्या वर ०.१ च्या साडेसतरा पायऱ्या. साडेसतरा गुणिले ३४.६० म्हणजे ६०५ रुपये ५० पैसे. ते मिळवून टनास ४,१५५ रुपये ५० पैसे झाले. यातून तोडणी-वाहतूक वजा होते.

आता खरी मेख बघा. २०२१-२२ ला पाया १० टक्क्यांवर होता आणि दर २,९०० रुपये. २०२२-२३ ला दर ३,०५० झाला, पण पाया १०.२५ टक्क्यांवर नेला. कागदावर वाढ १५० रुपयांची. पण १२ टक्के उताऱ्याचा हिशेब करा. आधीच्या वर्षी वीस पायऱ्या, प्रत्येकी २९ रुपये, म्हणून ३,४८० रुपये. पुढच्या वर्षी साडेसतरा पायऱ्या, प्रत्येकी साडेतीस रुपये, म्हणून ३,५८३ रुपये ७५ पैसे. खरी वाढ १०३ रुपये ७५ पैसे! आपल्या कोल्हापूर भागाचा उतारा पायाच्या बराच वर असतो, म्हणून पाया सरकला की आपल्याला तो जाणवतो. दोन वर्षांचे दर ताडून बघायचे तर एकाच उताऱ्यावर बघावेत.

कोणी विचारील, रेघ मागे ओढत शून्य उताऱ्यापर्यंत नेली तर? २०२५-२६ च्या रेघेवर तिथे टनास साडेतीन रुपये येतात. म्हणून काय बिनसाखरेच्या उसाला साडेतीन रुपये मिळतील असे नव्हे. तसला ऊस नसतोच. त्याचा अर्थ एवढाच, की हा दर जवळजवळ सगळाच साखरेवर बांधलेला आहे. शिवाय रेघ तिथवर जातच नाही. उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला की कपात थांबते आणि दर ३,२९० रुपये ५० पैशांवर आडवा होतो. रेघ जिथवर लागू आहे, तिथवरच वाचावी.

पाया दिल्लीत ठरतो, चढाचा भावही तिथेच ठरतो. पण रेघेवर आपण कुठे उभे राहायचे, ते पुष्कळसे आपल्या शेतात ठरते. पाच लाख टन गाळप धरले तर ०.१ टक्क्याची एक पायरी म्हणजे सभासदांचे १ कोटी ७३ लाख रुपये. आणि उतारा धरला जातो तो साऱ्या कारखान्याचा सरासरी, एकट्याच्या फडाचा नव्हे. एकाच्या ट्रॉलीतून पाचट आणि वाढे आले तर त्याचा भार शेजाऱ्याच्या बिलावरही पडतो.

तेव्हा ऊस पक्व झाल्यावरच तोडावा. तोड जमिनीलगत घ्यावी, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. शेंड्याकडचा कोवळा भाग आणि पाचट फडातच राहू द्यावे. तोडलेला ऊस वाळत न ठेवता लवकर गव्हाणीला पोचवावा. ऊस पेटवून तोडू नये.

यंदाचा दर जाहीर झाला की तीन आकडे वहीत टिपून ठेवा: पायाचा उतारा, पायाचा दर, एका पायरीचा भाव. मग वाढ किती झाली हे दुसऱ्याला विचारावे लागणार नाही. हिशेब अडलाच, तर वही घेऊन गट ऑफिसला जरूर या. आम्ही शेजारी बसून करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी