कानपट्टी शिवा, हवा पकडा!

बर्फाचे दोन सारखे तुकडे दोन वाट्यांत घ्या. एक वाटी उघडी ठेवा, दुसरी फ्लीसच्या कापडात गुंडाळा. कोणता तुकडा आधी वितळेल? उघडा! म्हणजे हे कापड ऊब निर्माण करीत नाही. ते उष्णतेची ये-जा रोखते.

हे कसे घडते? हवा उष्णतेची मंदवाहक आहे, पण मोकळी हवा वाहते आणि उष्णता सोबत नेते. पॉलिएस्टरच्या विणीवर लव उठवून फ्लीस तयार करतात. ही लव हवेला जागीच अडकवते. अमेरिकेतील माल्डन मिल्सने हे कापड १९७९ साली बनवले.

आता थंडीसाठी कानपट्टी शिवू. कापड आडवे-उभे ओढून पाहा. जिकडे जास्त ताणते, ती पट्टीची लांबी. लांबी डोक्याच्या घेराइतकी, रुंदी २० सेंमी. दोन्ही टोके १ सेंमी आत शिवून कडे करा. मग शिवण आत जाईल असे ते दुहेरी दुमडून मोकळ्या कडा जोडा. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, म्हणून कडा मुडपायला नकोत. टाका मात्र नागमोडी घाला. सरळ घट्ट टीप पट्टी ताणताच तुटते.

गरम इस्त्री फिरवू नका, चुलीजवळ जाऊ नका, पॉलिएस्टर वितळते.

आता सांगा, लव दाबून चपटी झाली तर ऊब वाढेल की घटेल? आणि का?