ग्वाग्वा : बस की बाळ?

प्रश्न : स्पॅनिशच्या वर्गात ‘ग्वाग्वा’ म्हणजे बस असे शिकवले. चिलीच्या एका मालिकेत मात्र आई कडेवरच्या मुलाला ग्वाग्वा म्हणते. बरोबर काय?

उत्तर : दोन्ही बरोबर. प्रदेश बदलला की अर्थ बदलतो.

कॅनरी बेटे, क्युबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक इथे ग्वाग्वा म्हणजे बस. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासच्या शहर बससेवेचे नावच ‘ग्वाग्वास म्युनिसिपालेस’ आहे.

अँडीजच्या पट्ट्यात मात्र हा शब्द तान्ह्या बाळाचा, केचुआ भाषेतल्या ‘वावा’वरून आलेला. चिलीत बाळ मुलगा असला, तरी ‘ला ग्वाग्वा’ असे स्त्रीलिंगीच म्हणतात. इक्वाडोरमध्ये २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनी ‘ग्वाग्वास दे पान’ खातात: दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचे गोडसर पाव, त्यांवर साखरेच्या रंगीत रेघांनी काढलेले डोळे, तोंड, कपडे. सोबत दाट, जांभळे, गरम पेय. यातला ‘पान’ आपल्याला परका नाही. पोर्तुगीजांकडून आलेला आपला ‘पाव’ त्याच लॅटिन मुळाचा.

सांतियागोत बसथांबा शोधताना ‘मिक्रो’ विचारावे, माद्रिदमध्ये ‘आउतोबुस’. हवानात खुशाल ग्वाग्वा म्हणावे.