शुद्ध अन्न : कोणाचे कसे?

दवाखान्यात आलेल्या रुग्णाला आहाराविषयी विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरचं खाणं एकदम शुद्ध असते जी!" यावर मी पुढचा प्रश्न विचारतो, "शुद्ध म्हणजे काय?" आणि मग प्रत्येकाचे शुद्ध वेगळे निघते.

महालातल्या आजीबाईंसाठी शुद्ध म्हणजे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. इतवारीतल्या जैन व्यापाऱ्यासाठी कंदमुळे नाहीत आणि सूर्यास्तानंतर अन्न नाही. सावजी रस्सा आवडीने खाणारा म्हणतो, मसाला घरी भाजून कुटलेला आहे, मिरचीत रंग नाही, मग आमचे अन्न अशुद्ध कसे? बांधकामावरची एक मजूर बाई म्हणाली, "शिळं नाही, कोणाचं उष्टं नाही, आपल्या मेहनतीचं आहे." मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीचे शुद्ध अन्न मोबाईलवरून आलेले असते : गहू नको, दूध नको, साखर नको, सकाळी उपाशीपोटी कसला तरी हिरवा रस. आणि काही आयांना सीलबंद पुड्यातले बिस्कीट हेच सर्वांत स्वच्छ वाटते, कारण त्याला कोणाचा हात लागलेला नसतो.

यातले कोणतेही उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. श्रद्धा, संस्कार, अनुभव हे सारे ताटात येतेच. अडचण होते ती 'शुद्ध' आहे म्हणजे 'आपल्या आजाराला चालते' असे गृहीत धरले की.

मधुमेहाचा रुग्ण साखर सोडतो आणि गुळाचा चहा सुरू करतो. गूळ शुद्ध, रसायन नसलेला, असे त्याचे म्हणणे. पण 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 उष्मांक असतील तर तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास असतात, आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळात थोडे लोह असते हे खरे, परंतु चमचाभर गुळातून ते कितीसे मिळणार? उपवासाच्या साबुदाण्याचेही तसेच. तो पवित्र असेल, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिने नावालाच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन दिवसभर निरंकार उपास केला तर रक्तातील साखर 70 च्या खाली उतरते. दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळू लागतो, वेळेवर साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धही पडतो. उपास जरूर करावा, मात्र गोळीचे काय करायचे ते आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मिठाचे आणखी एक नवे वेड आहे. समुद्राचे मीठ अशुद्ध म्हणून पुष्कळ घरांत रोजच्या स्वयंपाकाला सैंधव आले. सैंधव वाईट नाही, पण त्यात आयोडीन मिसळलेले नसेल तर गलगंडाची वाट मोकळी होते, आणि गर्भवतीच्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका पोचतो. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम 1962 साली सुरू झाला, तो उगाच नव्हे. पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिले आहे का, एवढे पाहावे. आणि मीठ कोणतेही असो, दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर.

मिहानमधल्या मुलीसारख्या तरुणींची मला जास्त काळजी वाटते. एकेक पदार्थ 'अशुद्ध' म्हणून वगळत गेल्यावर ताटात उरते काय? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात डाळ, दूध, अंडी सोडून हिरव्या रसावर राहणे परवडणारे नाही. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि वर लिंबू पिळून खाल्ले तर त्यात काय कमी आहे?

शुद्ध-अशुद्धाचा खरा गुंता पाहायचा असेल तर आपल्या विदर्भातली लाखोळी डाळ पाहावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीतील ओलीवर ती येते. ना खत, ना फवारणी. यापेक्षा शुद्ध धान्य कोणते? तरीही तिच्यात ओडॅप नावाचे एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात दुसरे काही पिकले नाही, किंवा मजुरी म्हणून हीच डाळ पदरात पडली, आणि महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली की पायातली शक्ती जाते. पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर, कात्रीसारखे पाय टाकत चालतो. हा लॅथिरिझम एकदा झाला की बरा होत नाही. म्हणून तिच्या विक्रीवर बंदी आली. दुसरीकडे, पिढ्यान् पिढ्या ती भात-भाजीसोबत थोडी थोडी खाऊन धडधाकट राहिलेली गावेही आहेत. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने आणि उपोषणे केली. शास्त्रज्ञांनी कमी विषाचे रतन, प्रतीक, महातिवडा हे वाणही काढले. माझे मत विचाराल तर दोष डाळीइतकाच दारिद्र्याचा. ज्याच्या ताटात चार पदार्थ आहेत त्याला ती बाधली नाही, ज्याच्या ताटात ती एकटीच होती तो पांगळा झाला. मात्र बेसनात वा तूरडाळीत तिची भेसळ करून न सांगता विकणे हा निव्वळ गुन्हा.

भेसळीवरून आठवले. हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाचे फार कौतुक आहे. चांगले आहे, पण घाणा परवानाधारक असावा. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. पायांवर सूज आणि धाप घेऊन हजारो माणसे रुग्णालयांत आली, साठाहून अधिक दगावली. ते तेलही घेणाऱ्यांनी शुद्ध म्हणूनच घेतले होते.

आता उरली ती साधी स्वच्छता, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. सोवळ्यात रांधलेला वरणभात असो की सावजी मटण, दुपारभर ओट्यावर राहिले की जंतू भेदभाव करीत नाहीत. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत खावे किंवा थंड जागी ठेवावे, पुन्हा खाताना वाफ निघेपर्यंत गरम करावे. कच्चे मांस कापलेल्या विळीवर किंवा पाटावर धुतल्याशिवाय काकडी-कांदा चिरू नये. माठात हात बुडवून पेला भरू नये, दांडीचे ओगराळे ठेवावे. बर्फाचा गोळा आणि पाणीपुरीचे पाणी कुठल्या पाण्याचे ते ठाऊक नसेल तर लेकरांना देऊ नये. कावीळ आणि टायफॉईड याच वाटेने घरात येतात. आणि पुढच्या वेळी तपासणीला येताना तीन दिवसांत काय काय खाल्ले ते वहीत लिहून आणावे, चहासोबतची बिस्किटेसुद्धा मोजून.