‘पाहणे’ या शब्दाचा विचार

आचार्य श्रीनागदेवांनी ग्रंथरचनेस मराठी वाणीचाच आग्रह धरिला. संस्कृतात ग्रंथ केल्यास म्हाताऱ्या बाया वंचित होतील, असे त्याचे कारण दिले. ‘स्मृतिस्थळा’तील हा प्रसंग सर्वांस परिचित आहे. ज्या भाषेत शास्त्र प्रकटले, तिचे नित्याचे शब्दही म्हणूनच विचारास पात्र ठरतात. ‘पाहणे’ हा असाच एक शब्द होय.

प्रथम ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ यांतील भेद ध्यानी घ्यावा. ‘मला डोंगर दिसतो’ या वाक्यात कर्ता डोंगर आहे. मनुष्य केवळ चतुर्थीत उभा आहे. ‘मी डोंगर पाहतो’ म्हणताच कर्तृत्व मनुष्याकडे येते आणि डोंगर कर्म होतो. दिसणे आपोआप घडते. पाहणे करावे लागते.

आता प्रयोग पाहू. वैद्य नाडी पाहतो ती बोटांनी. भाजी चाखून पाहतात ती जिभेने. नेत्रहीन माताही लेकराची वाट पाहते. ‘घर पाहणे’ येथे सांभाळ, ‘अंत पाहणे’ येथे कसोटी, ‘करून पाहणे’ येथे प्रयत्न, ‘भिंत पडू पाहते’ येथे आसन्नता, तर ‘पाण्यात पाहणे’ येथे द्वेष असा अर्थ होतो. ‘पाहुणा’ मात्र या कुळातील नव्हे; तो ‘प्राघुण’ या संस्कृत शब्दापासून आला. केवळ ध्वनिसाम्यावरून अर्थ जोडू नये.

भिंतीचा प्रयोग लाक्षणिक म्हणून वेगळा ठेविला, तर उरलेल्या सर्वांत समान काय? चित्त विषयाकडे लावणे. डोळा हे त्याचे एक साधन मात्र होय. द्वेष करणाराही चित्त लावितोच. म्हणून पाहण्याचे बरेवाईटपण हेतूवरून ठरते.

‘दृष्टांतपाठा’तील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत या दृष्टीने विचारावा. कोणी पाय चाचपून हत्तीस खांब म्हटले, कोणी कान चाचपून सूप म्हटले. त्यांनी हातांनी पाहिलेच होते, आणि हातास लागले तेही खोटे नव्हते. दोष असा की, एका अवयवापाशी पाहणे थांबविले आणि तेवढ्यावरून संपूर्ण हत्तीचा निर्णय दिला.

याउलट म्हाइंभटांचे उदाहरण. ज्या लीळा आपण पाहिल्या नव्हत्या, त्या त्यांनी श्रीनागदेवाचार्यांकडून ऐकिल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या त्यांच्याकडे गावोगाव जाऊन विचारिल्या आणि पडताळून पाहिल्या. ‘लीळाचरित्र’ हे त्या पाहण्याचे फळ होय.

असन्निधानातील साधकास हा विचार फार उपयोगी आहे. श्रीमूर्ती दिसत नाही ही खंत त्यास असते, व ती असावीच. परंतु दिसणे त्याच्या हाती नाही; पाहणे हाती आहे. स्थान वंदिताना तेथील लीळा आठवून पाहावी. दिवस मावळता आपले दोष निवडून पाहावेत. शास्त्रवचनाचा एकच अवयव धरून निर्णय न देता मागचापुढचा संदर्भ पाहावा. आणि सन्निधानाची वाट पाहावी.

ज्यास ओट्याचा दगड दिसला, पण लीळा स्मरली नाही, तो स्थानापर्यंत गेला खरा. स्थान त्याने पाहिले नाही.