जुन्या जीपचा गंज : लांबी भरण्यापूर्वी पत्रा पाहा

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा तालुका. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट येथूनच कोकणात उतरतात. या रस्त्यांवर माल नेणाऱ्या जुन्या महिंद्रा जीपचे इंजिन दुरुस्त होत राहते. आधी जातो तो पत्रा. (ही कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली व १९४८ मध्ये तिचे नाव बदलले, हे बऱ्याच जीपमालकांना ठाऊक नसते.)

गंज बाहेर दिसतो त्याहून आत अधिक असतो. मडगार्डची आतील कड, पायाखालचा पत्रा, दाराची खालची बाजू व बॅटरीची बैठक येथे चिखल साचून ओल राहते. मॅट, गोणपाट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. पत्रा दबला तर तो कापूनच काढावा लागतो. आम्हा कापडवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. कुजक्या कापडावर नवे ठिगळ लावले की ते शिवणीच्या कडेनेच फाटते.

नुकसान होते ते येथेच. गंजावर लांबी थापून रंग मारला की गाडी नवीकोरी दिसते. पण लांबी पाणी शोषते आणि आतला गंज वाढतच राहतो. जुनी जीप विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवावे. जाड लांबीवर ते धरत नाही.

खरे काम असे : गंजाच्या कडेपासून इंचभर पुढे, चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचे. मूळ पत्र्याच्याच गेजचा तुकडा बसवायचा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात, डिझेल टाकी जवळ असल्यास उतरवावी. सलग वेल्डिंगने पत्रा वाकतो, म्हणून थोड्या थोड्या अंतराने टाके मारावेत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर जोडाच्या जागी मुलामा घासून काढावा. त्याचा धूर कारागिराला बाधतो. नंतर ग्राइंडिंग, प्रायमर, सांध्यात सीलर आणि शेवटी रंग. खालून अंडरकोटिंग करताना पाणी निघण्याची मूळ छिद्रे बुजवू नयेत. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात सोडणे फुकट आहे, त्यातून ओल आत जाते.

सौदा करताना पत्रेकाम व रंगकाम यांचे दर वेगळे ठरवावेत. पहिला हप्ता जोड उघडा असताना, स्वतः पाहून द्यावा. इमानदार कारागीर याला हरकत घेत नाही. काम दिवाळीनंतर काढावे. जूनच्या तोंडावर दिले तर ओल्या हवेत प्रायमर नीट धरत नाही.

चासीच गंजली असेल तर मात्र ठिगळाच्या भरवशावर घाट उतरू नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होतेच. रंग बदलणार असाल तर आरटीओकडे आरसी बुकात त्याची नोंद करून घ्यावी.